मावशीकडे जाणारी वाट

११ मार्च

डोंगरमंडळाच्या बैठकीला आज गेले ती निव्वळ वॅफलसाठी. ओस्मुंड गेल्यापासून माझा हाच नेम आहे. मागच्या बाकावर बसायचं, दोन वॅफल जॅम लावून खायचे आणि ठराव वाचायला सुरुवात झाली की कोट चढवून घरी. पण आज हाल्वारने भिंतीवर नकाशा टांगला आणि मी वॅफल खाली ठेवला.

नवी वाट काढायची म्हणे. गावातल्या चर्चपासून लांगवात तळ्याकाठच्या मंडळाच्या लाकडी घरापर्यंत. "चार ऋतूंची वाट!" हाल्वार लाकडी पट्टी हलवत म्हणाला. उन्हाळ्यात पायी, पुढे तळ्यावर कयाक, आणि थंडीत स्की नाहीतर बर्फातले जाळीचे जोडे. भूगोलाचा मास्तर होता तो शाळेत. निवृत्त झाला तरी हातात पट्टी आली की त्याला चेव चढतो. पट्टी नकाशावर टेकवून त्याने लाल पेन्सिलीने सरळसोट रेघ ओढली. आणि ती रेघ गेली कुठून? थेट माझ्या मुल्ट्यांवरून!

जागा कुठे आहे ते मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही. मुल्टे दलदलीत येतात, एका काडीला एकच केशरी फळ, आणि रानातलं फळ ज्याला सापडेल त्याचं. तिथे कुंपण घालता येत नाही, पाटी लावता येत नाही. तोंड बंद ठेवणं हीच काय ती राखण. सासूबाईंनी ही जागा मला दाखवली, पोटच्या मुलाला नाही. "ओस्मुंडच्या तोंडात तीळ भिजत नाही," म्हणाल्या. त्या गेल्यावर मी त्याला न्यायला लागले, पण डोळ्यांवर रुमाल बांधून. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. मी वेचायची आणि तो त्या सपाट दगडावर बसून निळ्या कपातून कॉफी पीत मला चिडवायचा. आता मी एकटी जाते, वेचून झालं की त्या दगडावर बसते आणि त्याच्याशी बोलते. दफनभूमीत मला बोलायला होत नाही, तिथे शेजारीपाजारी फार.

तिथून वाट गेली तर पहिल्याच उन्हाळ्यात रंगीत कोटवाल्यांची झुंड त्या दगडावर बसून सँडविच खाईल. नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही.

"मधला टप्पा मी आखते," मी उभी राहून म्हणाले. सगळ्या माना मागे वळल्या.

"तू?" शेजारची गेर्ड म्हणाली. "चार वर्षांत वॅफलखेरीज कशाला हात लावला नाहीस ते?"

"आता लावते. तुझ्या पोटात का दुखतंय?"

हाल्वार हसला आणि लगेच माझं नाव फळ्यावर लिहून मोकळा झाला. जसा काही खडू आधीच हातात धरून बसला होता. मला ते काही आवडलं नाही.

२० मार्च

हिवाळी वाटेच्या काठ्या रोवायला हाल्वारबरोबर स्कीवर गेले. दोघांपैकी एकाने पुढे जाऊन मऊ बर्फात चाकोरी पाडायची असते. जीव निघतो त्यात. दिवसभर तोच पुढे. मी दोनदा म्हटलं, "अरे, आता मी जाते." तर म्हणाला, "तू मागे ये निवांत." काठ्यांचा मोठा भाराही त्याच्याच पाठीवर. आता माणूस एवढा चांगला का वागेल? मला मागे ठेवून मी कुठे थबकते, कुठे बिचकते, त्यावर कान ठेवून असणार.

नेमका माझ्या जागेवर येऊन थांबला. सगळं पांढरं सपाट, खाली काय आहे ते देवालाच ठाऊक, आणि मला. त्याने संत्रं सोललं.

"उन्हाळ्यात काय असेल गं इथे?"

"दगड," मी म्हटलं. "नुसते दगड. आणि साप."

"साप?"

"हे एवढे."

"अरे बापरे. मग उन्हाळी वाट इथून नको न्यायला."

झालं. इतकंच. ज्या माणसाने तीस वर्षांत भांडल्याशिवाय कुणाचं काही मान्य केलं नाही, तो एका वाक्यात ऐकतो? कुठेतरी पाणी मुरतंय. संत्र्याचा मोठा अर्धा भागही त्याने मलाच दिला. माझं लक्ष उडवायला, दुसरं काय?

गुड फ्रायडे

हेगेचा ट्रोन्हाइमहून फोन. "आई, तू आणि समिती?" म्हणून आधी पोट धरून हसली.

"हाल्वार सर अजून तसेच आहेत का गं? फाटक्या कोपराच्या स्वेटरमध्ये?"

"नाही. हल्ली नवा घालतो. निळा. दाढीपण कापलीय."

"कधीपासून?"

"मला काय ठाऊक? मार्चपासून असेल."

मग पलीकडून बराच वेळ नुसती खुसखुस. शहरात राहून पोरगी बावळट झाली आहे.

४ जून

बर्फ ओसरला तशी उन्हाळी वाट आखायची बैठक झाली. मी घरून तयारी करून गेले होते. दरड, निसरडी जागा, साप, झालंच तर डास. पण माझ्या आधी आर्विडच उठला. त्याच्याकडे मंडळाच्या कयाका आणि बर्फगाडी असते, एरवी बैठकीत तो झोपतो.

"गावाकडच्या टप्प्यात वाट जरा पूर्वेला वळवू या," तो म्हणाला. "तिथे एक दुर्मीळ पक्षी घरटं करतो."

"कोणता?" हाल्वारने विचारलं.

"तपकिरी."

"तपकिरी काय?"

"तपकिरी आणि लाजाळू," आर्विड म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मग गेर्ड उठली. तळ्याकडचा टप्पा तिचा. तिथल्या सरळ वाटेने मेंढ्या बिथरतात म्हणे, म्हणून तिच्याही टोकाला पूर्वेकडे वळण हवं. गेर्डने शेवटची मेंढी विकली त्याला जमाना झाला. मी गप्प बसले, कारण पाठोपाठ माझी दरड यायची होती. कुणीच कुणाला काही विचारलं नाही. हाल्वार मान डोलवत रेघ पुसत होता, नवी ओढत होता. शेवटी नकाशावर जे उरलं ते पाहून आर्विडची बायको वॅफल वाढता वाढता म्हणाली, "वाट आहे की आतडं?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मला एवढं कळतं की या दोघांच्याही काही 'जागा' आहेत आणि साधारण कुठे आहेत तेही आज कळलं. चला, बैठक अगदीच वाया गेली नाही.

२५ जून

फुलं आली आहेत! पांढरी, एकेकटी, पाहावं तिकडे. आता दहिवर गोठलं नाही आणि मधमाश्यांनी हात दिला तर यंदा बादल्या भरतील. उत्तरेकडचा अर्धा भाग क्रौंच पक्षी नेहमीच खाऊन टाकतात, त्यांना मी दरवर्षी पोटभर शिव्या देते. पण गेली दोन वर्षं मेले जरा कमी खातात असं दिसतं. मधल्या भागाला तर तोंडच लावत नाहीत. शिव्या लागू पडल्या म्हणायच्या. ओस्मुंडचा निळा कप मात्र दोन वर्षांपूर्वीच मी तिथे विसरले तो पुन्हा सापडलाच नाही. आजही दगडाभोवती हात घालून पाहिलं. फार चुटपुट लागते.

परतताना ओढ्यापाशी हाल्वार. हातात गळ.

"मासे मिळतायत का?"

"नाही गं, आज काही नशीब नाही."

कसं असेल? गळाला दोराच नव्हता! नुसती काठी घेऊन बसलेला. थर्मास मात्र मोठा आणि कप दोन. माझ्या पाळतीवर आहे हे आता उघड झालं. मी मुद्दाम त्याच्याजवळ बसून तीन कप कॉफी प्याले, म्हणजे त्याला माझ्या मागावर जायला वेळच उरू नये. संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवला त्याला. बोलतो मात्र छान. नद्या वळणं का घेतात ते सांगत होता. मी कधी विचारच केला नव्हता.

८ जुलै

तळ्यातली वाट ठरवायला कयाक. हाल्वारला कयाक चालवता येत नाही हे किनाऱ्यावरच कळलं. त्याने वल्हं उलटं धरलं होतं.

"अरे, समितीत एवढी माणसं आहेत. तूच का आलास?"

"अनुभव म्हणून."

अनुभव मिळाला. किनाऱ्यापासून दगड भिरकावण्याच्या अंतरावर गडी उलटा. पाणी कमरेइतकंच, पण बर्फाचंच ते. मी वल्हं पुढे केलं, कॉलर धरली आणि ओल्या गोणीसारखा ओढून काढला. दात वाजत होते तरी हसत होता वेडा. शेकोटी पेटवली, माझा कोरडा स्वेटर त्याला दिला, फुलांचा. त्यात तो दिसत होता म्हणजे अगदी दिसत होता.

"घरी एकट्यापुरती कॉफी करायला जीवावर येतं," तो विस्तवाकडे पाहून म्हणाला. "एक माप टाकलं तर पातळ होते, दोन टाकली तर उरते."

"दीड टाक की," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "हं. दीड." आवाज पडला होता. मला वाटतं सर्दी झाली.

घरी येऊन मीही एकटीची कॉफी केली. तो म्हणतो ते खरं आहे, पातळच होते. पण मी फसणार नाही. मुल्ट्यांसाठी लोक याहून मोठी नाटकं करतात.

१४ जुलै

आज श्रमदान आणि आज माझा सत्यानाश.

लाल रंगाचे डबे घेऊन दगडांवर वाटेची खूण म्हणून इंग्रजी 'टी' अक्षर काढत जायचं, ज्याचा त्याचा टप्पा. मी माझा टप्पा दरडीच्या धोंड्यांवरून नेला. चढताना देव आठवतो, पण जागेपासून लांब. दुपारी गुडघा धरून बसले तर खालून गेर्डची हाक. "टुरिड! माझं लवकर संपलं, म्हणून तुझंही थोडं करून टाकलं!"

गेर्डने जन्मात कुणाचं काम केलेलं नाही. आजच बुद्धी व्हायची होती! डोक्यावरून डासांची जाळी, चष्मा पिशवीत, आणि बाई आपल्या वळणावरून सरळ रंगवत सुटली ती माझ्या दलदलीच्या काठाने. मला बघायचं नव्हतं, पण बघितलं. त्या सपाट दगडावर, ओस्मुंडच्या दगडावर, लाल भडक टी. अजून ओला. चारी बाजूंनी कच्चे मुल्टे आणि ही बया त्यांच्यात उभी राहून म्हणते, "कसली ओसाड जागा आहे गं!"

"हो ना," मी म्हटलं. "साप आहेत."

घरी येऊन रडले. खोटं कशाला लिहू? एका दगडासाठी रडणारी बाई म्हणजे हसण्यासारखंच आहे, पण मला तो दगड हवाय. माझ्याकडे त्याची अशी ती एकच जागा उरली आहे.

१६ जुलै

काल गुडघ्याने उठू दिलं नाही. आज तारेचा ब्रश आणि टर्पेंटाइन घेऊन सकाळीच निघाले. मंडळाच्या खुणा पुसणं म्हणजे आमच्याकडे मोठंच पाप, माणसं त्यांच्या भरवशावर धुक्यात चालतात. पण मी ठरवलं होतं. खुणा पुसायच्या, दरडीवरच्या राहिलेल्या रंगवायच्या आणि नंतर तोंड वर करून "मला काय ठाऊक" म्हणायचं.

जाऊन बघते तर दगड स्वच्छ! टी नाही. रंगाचा ठिपका नाही. टर्पेंटाइनचा वास तेवढा मागे राहिलेला. बाकीचे टीही गायब, आणि दरडीवरून नवी रांग, एकेक टी पट्टी लावून आखल्यासारखा, रुंदीसुद्धा सारखी. गेर्डच्या हातून असा टी सात जन्मांत निघायचा नाही. वर दलदलीच्या वाटेला आडवं वाळलेलं झाड टाकून ठेवलेलं, कुणी चुकूनही तिकडे वळू नये म्हणून.

मी दगडावर बसून डोकं खाजवलं. आर्विडच असणार. त्याची जागा इकडेच कुठेतरी असेल आणि वाट जवळ आली म्हणून तो घाबरला असेल. काही का असेना, आर्विडचं भलं होवो.

२२ जुलै

उद्घाटनाची तारीख ठरवायची बैठक. जिल्ह्याच्या मंडळाने ऑगस्टचा पहिला रविवार सुचवला होता. असा सन्नाटा पसरला की वॅफलचं यंत्र फुसफुसताना ऐकू आलं. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या गावातल्या यच्चयावत मावश्या आजारी पडतात. ज्याला त्याला मावशीकडे जावं लागतं, बादली घेऊन. परत आल्यावर मावशीची तब्येत कुणी विचारत नाही, तो असभ्यपणा समजतात.

"सप्टेंबर बरा," आर्विड म्हणाला. "पानं रंगतात."

"डास नसतात," गेर्ड.

"गुडघ्यांना थंडी मानवते," मी. म्हणजे काय ते मलाही माहीत नाही.

ठराव एकमताने. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदा, असं हाल्वार म्हणाला. तो शेजारीच बसला होता. निळ्या स्वेटरला टर्पेंटाइनचा वास येत होता. होडी रंगवत असेल. विचारणार होते, राहून गेलं.

"तुझी मावशी कशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

बघा! असला असभ्य प्रश्न! "अंथरुणाला खिळली आहे," मी म्हटलं.

"बिचारी. शंभरीला आली असेल ना आता?"

मी त्याच्याशी बोललेच नाही मग. त्याने माझ्या ताटलीत स्वतःचा वॅफल ठेवला. तो मी खाल्ला, पण बोलले नाही.

३ ऑगस्ट

एक जर्मन जोडपं वाट तपासून बघायला म्हणून चालून आलं. दोघंही पन्नाशीचे, काटक. मी आणि हाल्वार तळ्याच्या टोकाला त्यांची वाट बघत बसलो होतो. सरळ वाटेने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोचेल असं अंतर, पण ते संध्याकाळी उगवले. गुडघे खरचटलेले, नवऱ्याची चड्डी फाटलेली. मी मनात म्हटलं, आता तक्रार जाणार वरपर्यंत आणि वाट सरळ करायचा हुकूम येणार.

"एक विचारू?" बाई म्हणाली. "वाट इतकी वाकडी का आहे?"

मी हाल्वारकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे डोंगराच्या अंगावरून सरळ जात नाहीत. ते उद्धट दिसतं. त्याला विचारत विचारत जायचं असतं."

बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. असली वाट आम्ही कुठेच चाललो नाही, पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येऊ, म्हणाली. ते आत गेल्यावर मी इतकी हसले की सरपणाच्या राशीला धरून उभी राहिले.

"किती खोटं बोलशील रे? नरकात जाशील."

"सोबत असेल ना कुणीतरी," तो म्हणाला. मग अंमळ थांबून, टोपी हातात फिरवत, "शनिवारी मोकळी आहेस का?"

"मावशीकडे जायचंय."

"तिला एक दिवस आराम पडू दे. मला तुला एक जागा दाखवायची आहे."

हे वाक्य आमच्या खोऱ्यात कुणी उच्चारत नाही. इथला पुरुष बायकोला बँकेचं पासबुक दाखवेल, पहिल्या प्रेयसीची पत्रं दाखवेल. पण जागा? ओस्मुंडच्या भावाने तर उभ्या संसारात दाखवली नाही, बायको अजून शोधते आहे. "बादली आणू का?" एवढंच विचारलं.

"दोन आण," तो म्हणाला.

८ ऑगस्ट

सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

खरं सांगायचं तर मी हावरेपणाने गेले. स्वतःची जागा आहेच, आता त्याचीही कळेल, हेगेला डब्यांवर डबे पाठवीन, गेर्ड जळून खाक होईल, असले विचार. आर्विडची दोन माणसांची कयाक त्याने मागून आणली होती. बसल्यावर खिशातून रुमाल काढला.

"हे काय?"

"नियम म्हणजे नियम."

ओस्मुंडने याला सांगितलेलं दिसतंय. माझ्याच विद्येने मला बांधलं. मी आंधळी पुढे बसून वल्हवत होते, तो मागे बसून डावीकडे-उजवीकडे सांगत होता, आणि दोन्ही चुकीचं सांगत होता. दोनदा लव्हाळ्यांत घुसलो. काठावर उतरल्यावर त्याने हात धरला. "सोडू नकोस, पाय घसरेल." ओस्मुंड गेल्यापासून कुणी असा माझा हात धरून चाललं नव्हतं. मी नाही सोडला.

चढ, मग उतार. मग पायाखालची जमीन पचपचायला लागली. मग तो वास आला, ओल्या शेवाळाचा आणि त्या कडवट झुडपाचा. म्हटलं, सगळ्या दलदलींना असाच येतो. मग डावीकडून वाऱ्याचा थंड झोत आला, जसा दोन टेकड्यांच्या फटीतून येतो. म्हटलं, असतील इथेही दोन टेकड्या. पाय आपले वाट ओळखीची असल्यासारखे चालत होते. मी एक टांग लांब टाकली.

हाल्वार थांबला.

"टुरिड."

"काय?"

"तुझ्या डोळ्यांवर रुमाल आहे ना गं?"

"आहे की."

"मग त्या खड्ड्यावरून उडी कशी मारलीस?"

मी रुमाल खाली ओढला. समोर माझा दगड. चारी बाजूंना, उन्हात, पिकलेले, केशरी, मावणार नाहीत इतके. मी पहिल्यांदा काय म्हणाले असेन? "अय्या, किती सुंदर जागा! मी तर कधी पाहिलीच नव्हती!" तो दलदलीत गुडघ्यावर बसून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"कधीपासून येतोस इथे?" मी विचारलं.

"गावात आलो त्या वर्षीपासून. उत्तरेकडून, तळ्यावरून. दरवर्षी अर्धी फळं कुणीतरी खाल्लेली असायची. मला वाटायचं अस्वल."

"अस्वल! मी?"

"तू मला काय समजत होतीस?"

"क्रौंच," मी म्हटलं. त्याने मान लांब करून दाखवली.

मग त्याने पिशवीतून कप काढला. निळा. काठावर टवका उडालेला. मी हात पुढे केला.

"दोन वर्षांपूर्वी या दगडामागे सापडला," तो म्हणाला. "तुमच्या ओसरीवर मी यातून कॉफी प्यालो आहे. तेव्हा कळलं अस्वल कोण ते."

"मग दिला का नाहीस मेल्या? मी किती शोधला!"

"दिला असता तर मला जागा ठाऊक आहे हे तुला कळलं असतं. तू यायची बंद झाली असतीस. एकदा लांबून पाहिलं मी तुला. दगडावर बसून बोलत होतीस. त्यानंतर मी काठाकाठानेच वेचत आलो. मधे पाऊल टाकलं नाही."

मी कप पदराखाली लपवावा तसा स्वेटरखाली धरला. मग एकदम आठवलं आणि भडकले.

"आणि एवढं कळत होतं तर नकाशावर रेघ थेट इथूनच का ओढलीस? माझा जीव गेला होता!"

"त्याशिवाय वॅफल सोडून उठली असतीस का तू?"

मार्चपासूनचं सगळं एकेक करून डोक्यात शिरायला लागलं. चाकोरी, संत्रं, दोरा नसलेला गळ, पट्टीने काढलेले टी. आणि मी म्हणे आर्विडचं भलं चिंतत होते!

"तुला वल्हं सुलटं धरता येत नाही," मी म्हटलं. "मग चार ऋतूंची वाट कशाला काढलीस? पायी वाट काढायची होती साधी."

"पायी काढली असती तर एकच ऋतू मिळाला असता," तो म्हणाला.

त्याने थर्मास उघडला. एक कप ओस्मुंडचा, एक त्याचा. मी त्याला दगडावर जागा करून दिली. तो बसायच्या आधी म्हणाला, "चालेल ना?" कुणाला विचारलं ते मला कळलं. "चालेल," मी म्हटलं, दोघांच्या वतीने. कॉफी घट्ट होती, दोन मापांची, आणि उरली नाही. मग मी दक्षिणेकडून वेचायला लागले, तो उत्तरेकडून, आणि या खेपेला मधे येऊन भेटलो.

९ ऑगस्ट

सकाळी जॅम चढवला होता. गेर्ड कुंपणावरून वास घेत उभी.

"काल दिवसभर दिसली नाहीस ती?"

"मावशीकडे गेले होते."

"हं. हाल्वारच्या घरालाही कुलूप होतं."

"तोही मावशीकडे गेला होता."

"त्याची कुठली आलीय इकडे मावशी?" गेर्डने चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. "त्याचं सगळं गोत बर्गनला."

"आता आमची दोघांची एकच आहे," मी म्हटलं आणि जॅम लागू नये म्हणून ढवळायला आत पळाले.